ॲनिमल सायन्सच्या डिग्र्यांची तुलना कशी करायची: खर्च, नोकरी आणि मधला व्हेटचा घोळ

ॲनिमल सायन्सच्या, म्हणजे पाळीव जनावरांचं पोषण, पैदास, व्यवस्थापन शिकवणाऱ्या डिग्रीच्या, कुठल्याही कॉलेजचं ब्रोशर उघडा, पहिल्या पानावर एक मुलगी वासराला बाटलीने दूध पाजत असते. फोटो गोड असतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण त्याच पानावर "९० टक्के प्लेसमेंट" आणि "व्हेट (पशुवैद्य) होण्याचा उत्तम पाया" असं पण छापलेलं असतं आणि लोक तेवढ्यावर चार वर्षांचा निर्णय घेऊन मोकळे होतात. खाली जी पद्धत लिहितोय ती एक साधी स्प्रेडशीट घेऊन कुणालाही करता येईल, फक्त क्रम पाळा, कारण बहुतेक जण फीपासून सुरुवात करतात आणि तिथेच गणित चुकायला लागतं.

तर सुरुवात फीपासून नाही, स्वतःपासून. व्हेट व्हायचंय का? हो, नाही, अजून ठरलं नाही, तिन्ही उत्तरं चालतील पण लिहून ठेवा. कारण या डिग्रीत दोन वेगवेगळ्या प्रकारची पोरं एकाच वर्गात बसलेली असतात. एक गट पुढे व्हेट स्कूलला जायचं म्हणून आलेला, आणि दुसरा गट डेअरी, पोल्ट्री, पशुखाद्य, पैदास, मांस प्रक्रिया असल्या धंद्यात नोकरी करायला आलेला. पहिल्या गटातला मुलगा डिग्रीनंतर अजून चार वर्षं शिकतोय आणि कर्ज वाढवतोय, दुसऱ्या गटातला कमावतोय, आणि कॉलेज दोघांना एका आकड्यात कोंबून "आमचा आउटकम" म्हणून दाखवतं. त्या सरासरीतून ना पहिल्याला काही कळतं ना दुसऱ्याला.

व्हेटवाल्यांनी आधी एवढंच तपासायचं की तुम्ही ज्या देशात प्रॅक्टिस करणार तिथे व्हेटचा रस्ता कुठून सुरू होतो. अमेरिकेत डीव्हीएम, म्हणजे व्हेटची डिग्री, हा चार वर्षांचा कोर्स आहे आणि तो अंडरग्रॅज्युएट शिक्षणानंतर करतात, म्हणून तिथे ॲनिमल सायन्स ही व्हेटच्या आधीची नेहमीची पायरी झालीये, पण सक्तीची नाही हं, ठरलेले विषय पूर्ण केले की मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) कुठला का असेना अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये आणि भारतात व्हेटचा कोर्स शाळेनंतर थेट सुरू होतो. भारतातला बीव्हीएससी अँड एएच साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, आणि पशुपोषण, पैदास, गोठा व्यवस्थापन हे सगळं त्याच्या आतच शिकवतात. अशा ठिकाणी "आधी ॲनिमल सायन्स करू मग बघू" म्हणजे लांबून वळसा घालणं झालं. ब्रिटनमध्ये डिग्री झाल्यावर व्हेटला गेलात तर काही ठिकाणी चार वर्षांचा ग्रॅज्युएट कोर्स मिळतो, पण ती दुसरी डिग्री धरली जाते आणि फीसाठीचं सरकारी लोन सहसा मिळत नाही. हा खर्च ॲनिमल सायन्सच्या फीच्या पानावर कुठेच दिसणार नाही, तुम्हालाच शीटमध्ये लिहायला लागेल. आणि एक गोष्ट सगळीकडे सारखी, ॲनिमल सायन्सच्या डिग्रीवर जनावरांवर उपचार करायचं लायसन्स मिळत नाही. हे ऐकून दरवर्षी कुणाला तरी धक्का बसतो म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

आता खर्च. शीटमध्ये प्रत्येक कॉलेजला एक ओळ द्या आणि फी, राहणं-खाणं, प्रवास, पुस्तकं यांची बेरीज करून त्यातून फक्त परत न करायची मदत वजा करा, म्हणजे ग्रँट आणि स्कॉलरशिप. लोन वजा करायचं नाही! काही कॉलेजं मदतीच्या पत्रात लोनसुद्धा "एड" म्हणून त्याच यादीत घालतात आणि खाली एकदम छोटासा आकडा दाखवतात, तो बघून घरचे खूश होतात, पण लोन म्हणजे तुमचाच पैसा, फक्त नंतर जाणारा आणि व्याजासकट. अमेरिकेत २०११ पासून सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं बंधनकारक आहे, त्यात घरचं उत्पन्न टाकलं की अंदाज मिळतो. मात्र तो तिथल्या विद्यार्थ्यांना आणि पहिल्या वर्षाला धरून बनवलेला असतो, बाहेरच्या देशातून जाणाऱ्याला त्याचा फार उपयोग नाही.

स्कॉलरशिपचं पत्र आलं की दोन ओळी शोधा, किती वर्षं मिळणार आणि चालू ठेवायला किती जीपीए (मार्कांची सरासरी, चारपैकी) लागतो. ॲनिमल सायन्समध्ये हा मुद्दा जरा जास्तच टोचतो कारण दुसऱ्या वर्षाच्या आसपास ऑरगॅनिक केमिस्ट्री येते आणि तिथे चांगल्या चांगल्यांचा जीपीए घसरतो. तीन पॉइंट पाचची अट असलेली मोठी स्कॉलरशिप आणि दोन पॉइंट पाचची अट असलेली मध्यम स्कॉलरशिप यात मी तरी दुसरी धरून हिशोब करीन.

मग या कोर्सचे खास खर्च, जे फीच्या पानावर नसतात. गमबूट, कव्हरऑल, लॅब फी, कुठे रेबीज किंवा धनुर्वाताची लस. फार्म कॅम्पसपासून लांब असेल तर रोजचं जाणंयेणं, आणि सकाळी पाचच्या दूध काढणीला बस नसते हे लक्षात ठेवा, म्हणजे गाडी किंवा गाडीवाला मित्र पाहिजे. घोड्यांच्या कोर्सला जाणार असाल तर काही ठिकाणी स्वतःचा घोडा ठेवायचं वेगळं भाडं असतं. आणि सगळ्यात मोठा म्हणजे उन्हाळ्यातली बिनपगारी इंटर्नशिप. तो खर्च दुहेरी असतो, राहण्या-खाण्याचे पैसे जातात आणि त्या महिन्यांत जे कमावलं असतं ते पण जातं.

आता ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो ते, डिग्री प्रत्यक्षात किती वर्षांत पूर्ण होते. समजा अ कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च १०० आहे आणि ब कॉलेजचा ११५. अ स्वस्त वाटतं ना? पण अ मध्ये पोरांना पाच वर्षं लागत असतील तर ५०० झाले, आणि ब मधून चार वर्षांत बाहेर पडलात तर ४६०, शिवाय एक वर्ष आधी पगार सुरू. पाच वर्षं का लागतात याचं कारण बऱ्याचदा मुलांच्या आळसात नसून वेळापत्रकात असतं. जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री नाही, बायोकेमिस्ट्रीशिवाय वरच्या वर्षाचं न्यूट्रिशन नाही, आणि त्यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवतात. एक सुटला की अख्खी साखळी वर्षभर मागे. त्यात जनावरांचे विषय हंगामावर, मेंढ्या विण्याचा हंगाम वसंतात असेल तर तो कोर्स शरद सेमिस्टरला कोण शिकवणार? म्हणून कॉलेजचा कोर्स कॅटलॉग उघडा, शेवटच्या वर्षाच्या कुठल्याही एका अवघड विषयापासून उलटं मागे मागे जा आणि प्रत्येक विषय कुठल्या सेमिस्टरला मिळतो ते लिहा. वीस मिनिटांचं काम आहे आणि ब्रोशरच्या चाळीस पानांपेक्षा जास्त कळतं.

दोन वर्षं स्वस्त कम्युनिटी कॉलेजला काढून मग युनिव्हर्सिटीला जायचा प्लॅन असेल तर हीच साखळी अजून बारकाईने बघा. क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची नोंद) ट्रान्सफर होणं वेगळं आणि ते तुमच्या मेजरमध्ये धरलं जाणं वेगळं. सगळी क्रेडिट "इलेक्टिव्ह" (ऐच्छिक विषय) म्हणून घेतली आणि केमिस्ट्री परत करा म्हणाले तर वाचवलेले पैसे तिथेच गेले. कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार हे लेखी घ्या.

सरकारी की खासगी हा प्रश्न पण दिसतो तितका सरळ नाही. अमेरिकेत ॲनिमल सायन्सचे बरेच मोठे विभाग लँड-ग्रँट (सरकारने जमीन देऊन उभ्या केलेल्या) युनिव्हर्सिटीत आहेत, १८६२ च्या मॉरिल कायद्यातून आलेल्या, आयोवा स्टेट, पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम वगैरे. तिथे त्या राज्यातल्या मुलाची आणि बाहेरच्याची फी यात प्रचंड फरक असतो. उलट कॉर्नेल खासगी म्हणून ओळखलं जातं पण त्याचं ॲग्रिकल्चर कॉलेज राज्याच्या मदतीवर चालतं, त्यामुळे न्यूयॉर्कच्या रहिवाशाला तिथे फी कमी लागते. पश्चिमेकडच्या राज्यांमध्ये डब्ल्यूयूई म्हणून योजना आहे, सहभागी कॉलेजात योजनेतल्या दुसऱ्या राज्यातल्या मुलाकडून स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट घेतात, पण सगळ्या कोर्सेसना ती लागू नसते. तात्पर्य काय, नाव बघून स्वस्त-महाग ठरवू नका, "माझ्या रहिवासाला, या कोर्सला" किती, हे विचारा. युरोपात वेगळंच गणित. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनसारख्या ठिकाणी बॅचलर्स तीन वर्षांचं आणि त्यावर मास्टर्स दोन वर्षांचं, आणि पुष्कळ जण दोन्ही करूनच बाहेर पडतात. मग तीन वर्षांच्या खर्चाची चार वर्षांच्या अमेरिकन डिग्रीशी तुलना करण्यात अर्थ नाही, पाच वर्षांची धरा.

खर्चाचा रकाना झाला की आउटकमकडे या, आणि इथे जरा संशयी व्हा. काही देशांत सरकारी आकडे फुकट मिळतात. अमेरिकेत कॉलेज स्कोअरकार्ड, ब्रिटनमध्ये डिस्कव्हर युनी, ऑस्ट्रेलियात क्विल्ट. तिन्ही बघा पण ते काय मोजतात ते समजून. स्कोअरकार्डवर कोर्सनुसार पगार दिसतो, पण त्यात फक्त सरकारी मदत घेतलेले विद्यार्थी असतात, म्हणजे परदेशी मुलं त्यात नाहीतच. शिवाय ज्या वर्षी पगार मोजला त्या वर्षी जो शिकतच होता त्याला वगळतात. म्हणजे व्हेट स्कूलमध्ये बसलेली सगळी हुशार पोरं त्या आकड्यातून गायब! व्हेट व्हायचं असेल तर हा आकडा तुमच्याबद्दल काहीही सांगत नाही, आणि व्हेट व्हायचं नसेल तर तो बऱ्यापैकी तुमचाच आहे. अजून एक बारीक गोष्ट, तिथे कोर्सेसचे कोड चार आकड्यांपर्यंतच बघतात, त्यामुळे डेअरी सायन्स, पोल्ट्री सायन्स आणि जनरल ॲनिमल सायन्स हे सगळं ०१.०९ या एकाच गठ्ठ्यात येतं, घोड्यांचा कोर्स मात्र दुसरीकडे.

ब्रिटनचा ग्रॅज्युएट आउटकम्स सर्व्हे डिग्रीनंतर साधारण १५ महिन्यांनी होतो, ऑस्ट्रेलियातला चार ते सहा महिन्यांनी. एका देशाचा पगाराचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवलात तर तुम्ही सहा महिन्यांच्या माणसाची सव्वा वर्षाच्या माणसाशी तुलना करताय. आणि कोर्स लहान असेल, वर्गात पंचवीसच पोरं, तर डिस्कव्हर युनी बऱ्याचदा त्या कोर्सऐवजी मोठ्या विषयगटाचा आकडा दाखवतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा ते.

ग्रॅज्युएशन रेट बघताना पण तसंच. अमेरिकेत नेहमी दिसणारा रेट हा सहा वर्षांत डिग्री पूर्ण करणाऱ्यांचा असतो, चार नाही, आणि तो अख्ख्या कॉलेजचा असतो, तुमच्या विभागाचा नाही. ॲनिमल सायन्समध्ये पहिल्या वर्षी "मला प्राणी आवडतात" म्हणून येणारे खूप आणि केमिस्ट्री बघून मेजर बदलणारे पण पुष्कळ, म्हणून विभागाला थेट विचारा की पहिल्या वर्षी घेतलेल्यांपैकी किती जण याच मेजरमध्ये पास होऊन बाहेर पडले. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर ते पण एक उत्तरच.

आता तो "९० टक्के प्लेसमेंट". एक रिपोर्ट समोर घेऊन असा सोलायचा. समजा ८० जण पास झाले. सर्व्हेला उत्तर दिलं ४० जणांनी. त्यातले ३६ "नोकरी किंवा पुढचं शिक्षण" मध्ये. ३६ भागिले ४० म्हणजे ९० टक्के, खोटं काही नाही. पण ८० पैकी पक्कं माहीत असलेले फक्त ३६, म्हणजे ४५ टक्के. त्या ३६ मधले १२ पुढे शिकतायत, उरले २४. त्या २४ मधले सहा जण पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा क्लिनिकच्या रिसेप्शनला पार्ट टाइम, ज्याला ही डिग्री लागतच नाही. उरले १८. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत पण प्रश्न तेच विचारायचे, किती जणांची माहिती मिळाली, डिग्री लागणाऱ्या पूर्णवेळ नोकरीत किती, पुढचं शिक्षण म्हणजे नक्की काय. अमेरिकन कॉलेजांसाठी नेस या कॉलेज-करिअर क्षेत्रातल्या संस्थेने डिग्रीनंतर सहा महिन्यांपर्यंत किमान ६५ टक्के पोरांची माहिती गोळा करा असा निकष ठेवलाय. त्याच्या खालचा रिपोर्ट असेल तर टक्केवारी सोडा, कंपन्यांची आणि पदांची यादी मागा. त्या यादीत खाद्य कंपन्यांचे टेक्निकल सेल्स, हर्ड मॅनेजर (कळप सांभाळणारा), जेनेटिक्स कंपनी, मांस प्रक्रियेतलं क्वालिटी कंट्रोल, रिसर्च लॅबमधली प्राण्यांची देखभाल, सरकारी तपासणी अशी पदं दिसली तर विभागाच्या ओळखी धंद्यात आहेत असं समजायचं. झू मध्ये जायची स्वप्नं खूप जणांची असतात, जागा फार कमी असतात, एवढंच बोलतो त्यावर.

व्हेटवाल्यांनी वेगळा प्रश्न विचारायचा. "तुमच्याकडून व्हेट स्कूलला ८० टक्के सिलेक्शन" हे कुणाच्या ८० टक्के? काही ठिकाणी कॉलेजचीच कमिटी आधीच चाळणी लावते आणि जीपीए कमी असलेल्याला अर्जच करू नको म्हणून सांगते, मग उरलेल्यांत टक्केवारी छान येणारच. पहिल्या वर्षी प्री-व्हेट म्हणून नाव नोंदवलेल्यांपैकी शेवटी किती पोचले तो आकडा हवा. अजून एक, अमेरिकन व्हेट स्कूलच्या अर्जात व्हेटच्या हाताखालचा अनुभव आणि नुसता जनावरांबरोबरचा अनुभव वेगवेगळा भरायचा असतो. कॉलेजच्या गोठ्यात चार वर्षं काम केलंत तरी व्हेटबरोबरचे तास त्यातून आपोआप होत नाहीत. जवळपास मोठ्या जनावरांचा दवाखाना किंवा फिरतीवरचा व्हेट आहे का, तो विद्यार्थी घेतो का, हे पण शीटमध्ये एक रकाना म्हणून टाका.

जमलं तर फार्म बघून या, आणि टूरवाल्याच्या गप्पा सोडून एकच बघा, एका जनावरामागे किती पोरं उभी आहेत. गाय गाभण आहे का हे हात घालून तपासायचा तास असेल आणि एका गायीमागे पंधरा जण रांगेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येतं, त्यात कुणाला काहीही लागत नाही हाताला आणि सगळे "हो हो, लागलं" म्हणतात. चार जणांमागे एक गाय असेल तर सेमिस्टरअखेरीस खरंच येतं. नोकरीच्या इंटरव्ह्यूत हा फरक पाच मिनिटांत कळतो. ऑनलाइन डिग्री फीला स्वस्त पडते आणि आधीच फार्मवर नोकरी करणाऱ्याला ती चांगली पण आहे, मात्र ज्याने कधी जनावराला हात लावला नाही त्याने ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रॅक पण तपासा, बऱ्याच विभागांत सायन्स ऑप्शन आणि प्रॉडक्शन किंवा बिझनेस ऑप्शन असे वेगळे असतात, आणि बिझनेसवाल्यात कधी ऑरगॅनिक केमिस्ट्री नसते. सुटलो म्हणून आनंद होतो, पण नंतर व्हेट किंवा न्यूट्रिशनमध्ये मास्टर्स करावंसं वाटलं तर परत मागे जाऊन ते विषय करायला लागतात.

मास्टर्सचं एक चांगलं आहे. संशोधनाच्या बऱ्याच जागांना बॅचलर्स पुरत नाही, पण अमेरिकेत थिसिसवालं मास्टर्स पुष्कळदा असिस्टंटशिपवर (विभागात काम करून) होतं, फी माफ आणि थोडा स्टायपेंड. म्हणजे बॅचलर्सला कर्ज कमी ठेवलंत तर पुढची दोन वर्षं जवळजवळ खर्चाविना निघू शकतात. बॅचलर्सला असताना प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर काम करायला मिळतं का, पगारी का फुकट, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा, असिस्टंटशिप मिळायला तोच अनुभव कामी येतो. बिनथिसिसचं किंवा ऑनलाइन मास्टर्स मात्र सहसा आपल्याच पैशाने.

शेवटी कर्ज. माझा नियम असा की पूर्ण डिग्रीचं कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगाराच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि तो पगार ब्रोशरमधला नाही, वरच्या यादीतल्या सर्वसाधारण पदाचा धरायचा. या क्षेत्रात सुरुवातीचे पगार इंजिनियरिंगसारखे नसतात, उगाच स्वप्नं नकोत. फार्मवरच्या नोकरीत कधी घर, गाडी मिळते, ते पगारात मिळवा. व्हेटला जाणार असाल तर अजून कडक व्हा, कारण खरं मोठं कर्ज पुढे उभं आहे आणि व्हेट स्कूलला प्रवेश देताना कॉलेजच्या ब्रँडपेक्षा मार्क, विषय आणि अनुभव जास्त बघतात. तिथे महागड्या बॅचलर्सचं मला तरी काही कारण दिसत नाही.

शीट भरून दोन-तीन कॉलेजं उरली की विभागाच्या ॲडव्हायजरला एक छोटा मेल टाका. मागच्या वर्षी किती जण पास झाले, किती वर्षांत, त्यातल्या किती जणांची माहिती आहे, कुठल्या पदांवर आहेत, आणि मागच्या दोन वर्षांत पास झालेल्या दोघांशी बोलता येईल का. त्या दोघांना मग पगार विचारू नका लगेच, लाजतात, "परत हेच कॉलेज घेशील का आणि किती वर्षं लागली" एवढं विचारा, बाकीचं ते आपणहून सांगतात.